हा धक्का निसर्गाचा की माणसाचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाटण, कराड, चिपळूण पट्ट्यात जमीन हलली की अर्ध्या तासात माझा फोन वाजू लागतो. नोकरी भूशास्त्र शिकवण्यात गेली आणि आजोळ पाटण तालुक्यातलं, त्यामुळे ओळखीचे आणि अनोळखी, दोन्ही लोक हक्कानं विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळे इथं लिहून ठेवतो. मोजमापाला ‘रिश्टर’ म्हटलंय, कारण सगळे तसंच म्हणतात. शास्त्रज्ञ आता वेगळी मापनपद्धत वापरतात, पण इथं त्यानं फरक पडत नाही.

१. धरणामुळे भूकंप होतो म्हणजे नेमकं काय होतं? पाण्याच्या वजनानं जमीन खचते का?

खचत नाही. खडकात जुने तडे असतात, त्यांना भ्रंश म्हणतात. भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात आणि भूपट्टाच्या (पृथ्वीच्या कवचाच्या सरकत्या तुकड्याच्या) रेट्यामुळे त्यांच्यात फार मोठ्या काळापासून ताण साठत आलेला असतो. भ्रंश घसरण्याच्या बेताला आला की अगदी थोडं निमित्तही पुरतं.

धरण हे निमित्त दोन प्रकारे पुरवतं. पहिला प्रकार वजनाचा. कोयनेच्या शिवसागर जलाशयात १०५ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे सुमारे ३०० कोटी टन. दुसरा आणि जास्त महत्त्वाचा प्रकार म्हणजे भेगांमधून खोल पोचणारा पाण्याचा दाब. हा दाब भ्रंशाच्या दोन्ही बाजूंना आतून किंचित दूर ढकलतो, त्यामुळे त्यांची एकमेकींवरची पकड सैल होते. पावसाळ्यात ओल्या फरशीवर पाय सटकतो, तेव्हा पाण्यानं आपल्याला ढकललेलं नसतं, पकड काढून घेतलेली असते. इथंही तसंच.

आकडे पाहिले की प्रमाण कळतं. १०० मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब होतो साधारण दहा वातावरणांइतका (एक वातावरण म्हणजे आपल्यावर असतो तेवढा हवेचा दाब). पाच किलोमीटर खाली वरच्या खडकाचाच दाब तेराशे वातावरणांच्या आसपास असतो. पाण्याची भर त्याच्या एक टक्काही नाही. म्हणून भूकंपाची ताकद निसर्गाचीच असते, आपण फक्त तो केव्हा होणार यात हात घालतो.

२. भूकंपमापकाचा आलेख बघून ‘हा माणसाचा’ असं सांगता येत नाही का?

स्फोट असेल तर येतं (प्रश्न ९ आणि १० पाहा). भ्रंश घसरून झालेला भूकंप असेल तर एकट्या आलेखावरून येत नाही. भ्रंश पाण्यानं घसरला काय किंवा आपोआप घसरला काय, घसरण्याची क्रिया एकच असते आणि तिच्यातून निघणाऱ्या लहरीही त्याच. आधी वेगवान प्राथमिक लहर, मग दुय्यम लहर, मागून पृष्ठलहरी. कोयनेच्या धक्क्याचा आणि कुठल्याही नैसर्गिक धक्क्याचा आलेख नाव झाकून समोर ठेवला, तर भूकंपशास्त्रज्ञालाही त्यातून धरण दिसणार नाही.

टीव्हीवर कुणी आलेखाकडे बोट दाखवून ‘बघा, हा मानवनिर्मित’ असं छातीठोकपणे सांगत असेल, तर मी चॅनल बदलतो. ओळख पटते ती त्या भूकंपाच्या संगतीवरून. तो कुठं झाला, कधी झाला, त्याच्या आधी आणि नंतर कोणते झाले, आणि त्या काळात माणूस तिथं काय करत होता, हे बघावं लागतं.

३. मग शास्त्रज्ञ ठरवतात कसं?

फिर्यादीसारखं, परिस्थितीजन्य पुराव्यावरून. १९९३ मध्ये डेव्हिस आणि फ्रोलिच या दोन अमेरिकी संशोधकांनी जमिनीत द्रव सोडण्याच्या प्रकरणांसाठी सात हो-नाही प्रश्नांची यादी केली. तिचा गाभा असा आहे: असे भूकंप इथं पहिल्यांदाच होतायत का? काम सुरू झाल्यावर ते सुरू झाले का? केंद्रं कामाच्या ठिकाणापासून जवळ आहेत का, आणि तितक्याच खोलीवर? द्रव भ्रंशापर्यंत पोचायला वाट आहे का? पोचलेला दाब पुरेसा आहे का? उत्तरांत ‘हो’ जितके जास्त, तितका संशय बळकट.

धरणांच्या बाबतीत आणखी काही खुणा बघतात. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात दाखवलं की जलाशयाजवळच्या भूकंपमालिकांत मुख्य धक्क्याच्या आधी बरेच छोटे धक्के येतात, नंतरचा सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्याच्या बराच जवळ जाणारा असतो, आणि नंतरचे धक्के विरायला फार वेळ घेतात. ही लक्षणं नैसर्गिक मालिकेतही अधूनमधून दिसतात, त्यामुळे एकेकटी घेऊन उपयोग नाही. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे कारण कमी-जास्त केल्यावर भूकंपही कमी-जास्त होणं. तो क्वचित मिळतो (प्रश्न ८ पाहा).

४. १९६७ चा कोयनेचा भूकंप खरंच धरणामुळे झाला का? की उगाच धरणाला बदनाम केलं?

जगभरातल्या बहुसंख्य तज्ज्ञांचं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि माझंही.

घटनाक्रम बघा. १९६२ मध्ये जलाशयात पाणी साठायला लागलं आणि थोड्याच काळात परिसरात धक्के आणि जमिनीखालून गुडगुड असे आवाज सुरू झाले. मग धरणाभोवती भूकंपमापक बसवले. धक्क्यांची केंद्रं जलाशयाच्या आसपासच निघाली. १३ सप्टेंबर १९६७ ला एक जोरदार धक्का बसला, आणि ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ रिश्टरचा मुख्य भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, कोयनानगर वसाहत जवळजवळ भुईसपाट झाली. धरण उभं राहिलं, पण वरच्या भागात जिथं भिंतीचा उतार बदलतो तिथं तडे गेले. पुढं बाहेरच्या बाजूनं आधारभिंती बांधून ते मजबूत केलं.

आक्षेपही नीट मांडायला हवा. १९६२ च्या आधी धरणाजवळ भूकंपमापकच नव्हता, मग ‘आधी शांतता होती’ हे कशावरून? आक्षेप रास्त आहे. माणसांची आठवण हा मापक नव्हे. म्हणूनच मला ‘आधी नव्हते, नंतर आले’ या मुद्द्यापेक्षा नंतरच्या पन्नासहून अधिक वर्षांची नोंद जास्त पटते. एवढ्या काळात ५ रिश्टरच्या वरचे वीसपेक्षा जास्त आणि ४ च्या वरचे दोनशेच्या आसपास धक्के झाले. हे सगळे साधारण ३० गुणिले २० किलोमीटरच्या एवढ्याशा तुकड्यात, बहुतेक १० किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर, आणि जलाशयाच्या पातळीशी ताल धरून (प्रश्न ५ पाहा). १९८५ पासून दक्षिणेला वारणेच्या चांदोली धरणात पाणी साठायला लागलं आणि १९९३ च्या सुमारास धक्के वारणेच्या बाजूलाही सरकले. दुसरं धरण आल्यावर भूकंपही तिकडं जातात, हा योगायोग मानायला मोठी श्रद्धा लागते.

५. पावसाळा संपला की धक्के वाढतात असं आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात. खरं की भास?

खरं. कोयना-वारणा भागात वर्षातून दोनदा हालचाल वाढलेली दिसते. एकदा जलाशय भरत आल्यावर सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा डिसेंबरच्या आसपास, पाणी उतरायला लागल्यावर. पहिल्या वाढीत वजन आणि दाब दोन्हींचा वाटा असतो. दुसरी उशिरा येते, कारण दाब खडकाच्या भेगांतून खाली पोचायला वेळ घेतो, आणि वरचं वजन कमी झालं तरी खालचा दाब लगेच उतरत नाही.

यात दोन बारकावे आहेत. पाण्याची पातळी पूर्वीच्या कमाल पातळीच्या वर गेली, तर मोठ्या धक्क्याची शक्यता वाढते. खडकाला पूर्वी सोसलेला भार जणू ‘लक्षात’ राहतो. आणि पातळी चढण्याचा वेगही महत्त्वाचा. कोयनेत ५ रिश्टरच्या वरच्या धक्क्यांसाठी आठवड्याला १२ मीटर किंवा अधिक वेगानं पाणी चढणं आवश्यक दिसलं, पण तेवढ्यानं भूकंप होतोच असं नाही. कित्येक पावसाळ्यांत पाणी भराभर चढलं आणि काही झालं नाही.

६. मग प्रत्येक धरणाजवळ भूकंप होणार का? आमचं गाव जायकवाडीला लागून आहे.

घाबरायचं कारण नाही. जगात मोठी धरणं हजारोंनी आहेत, आणि धरणामुळे भूकंप झाल्याची ठिकाणं शंभरेक. त्यातही ६ रिश्टरच्या वर गेलेली प्रकरणं सर्वसाधारणपणे चारच मोजतात: चीनमधलं शिनफेंगच्यांग (१९६२), झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचं करिबा (१९६३), ग्रीसमधलं क्रेमास्ता (१९६६) आणि कोयना.

जायकवाडीच्या नाथसागरात कोयनेइतकंच, सुमारे १०२ टीएमसी पाणी मावतं. पण ते पसरट आहे, धरणाची उंची ४० मीटरच्या आसपास. कोयना धरण १०३ मीटर उंच आहे आणि पाणी अरुंद, खोल दरीत उभं राहतं. तळाशी दाब खोलीवर ठरतो, एकूण साठ्यावर नाही. आणि खोलीही एकटी पुरत नाही, खाली घसरायच्या बेताला आलेला भ्रंश लागतो. तो कोयनेखाली होता.

७. किल्लारीचा भूकंप पण धरणामुळेच झाला ना? जवळच माकणीचं धरण आहे.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुधा लातूर-धाराशिवकडून. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणेश विसर्जनाची रात्र उलटून गेलेली. जवळपास दहा हजार माणसं गेली. एवढ्या दुःखाला कुणीतरी जबाबदार असावं असं वाटणं साहजिक आहे.

निम्न तेरणा प्रकल्पाचं माकणीचं जलाशय जवळ आहे हे खरं, आणि काही संशोधकांनी त्याचा संबंध जोडूनही पाहिला. पण प्रश्न ३ ची चाळणी लावली की कोयनेसारखं चित्र उभं राहत नाही. जलाशय लहान आणि उथळ. मुख्य भूकंपानंतरचे धक्के हळूहळू विरले, पातळीशी ताल धरून वर्षानुवर्षं चालू राहिले नाहीत. ज्या भ्रंशावर घसरण झाली तिथल्या अभ्यासात माणसाच्या कितीतरी आधीच्या हालचालींच्या खुणाही सापडल्या. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात धक्के बसले होते, पण असे पूर्वधक्के नैसर्गिक भूकंपालाही असतात. बहुतेक तज्ज्ञ किल्लारीचा भूकंप नैसर्गिकच मानतात. पाण्यानं शेवटचा धक्का दिलाच नसेल असं शंभर टक्के सिद्ध करणं मात्र अवघड आहे, आणि ही अडचण या विषयात कायमचीच आहे.

८. ‘कारण बंद केलं आणि भूकंप थांबले’ असं कुठं खरंच झालंय का?

झालंय, आणि या विषयातली सगळ्यात रंगतदार प्रकरणं तीच आहेत.

अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्कराचा रासायनिक कारखाना होता. तिथलं सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरपेक्षा खोल विहिरीत दाबानं सोडू लागले. लवकरच शहरात धक्के जाणवू लागले. सोडलेल्या पाण्याचा आलेख आणि भूकंपांचा आलेख शेजारी ठेवल्यावर ते एकमेकांना धरून चाललेले दिसले. १९६६ मध्ये पाणी सोडणं थांबवलं. गंमत म्हणजे सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले, विहीर बंद झाल्यावर. दाब खडकातून पुढे पुढे सरकत होता. ‘बंद केलं तरी धक्के चालूच, म्हणजे विहिरीचा दोष नाही’ असं कुणी म्हणालं असतं तर फसलं असतं.

मग अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं कोलोरॅडोतल्याच रेंजली तेलक्षेत्रात मुद्दाम प्रयोग केला. खडकातला दाब एका ठराविक मर्यादेच्या वर नेला की भूकंप वाढत, खाली आणला की थांबत. नळ उघडावा आणि मिटावा तसं. एवढा स्वच्छ पुरावा पुन्हा फारसा कुणाला मिळालेला नाही.

अलीकडचं उदाहरण ओक्लाहोमाचं. तिथं २००८ च्या आधी ३ रिश्टरच्या वरचे धक्के वर्षाला एक-दोन असत. तेलाबरोबर वर येणारं खारं पाणी खोल खडकात परत सोडायला लागल्यावर २०१५ मध्ये तो आकडा नऊशेच्या घरात गेला. २०१६ मध्ये पॉनी इथं ५.८ चा भूकंप झाला. पाणी सोडण्यावर बंधनं आल्यावर संख्या झपाट्यानं खाली आली. दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये २०१७ चा ५.५ च्या आसपासचा भूकंप भूऔष्णिक प्रकल्पात सोडलेल्या पाण्यामुळे झाला, असा निष्कर्ष सरकारनं नेमलेल्या समितीनंच २०१९ मध्ये काढला. तिथंही शेवटचं पाणी सोडल्यावर सुमारे दोन महिन्यांनी भूकंप झाला होता.

९. गावाजवळ दगडखाण आहे. काल दुपारी घर हादरलं. सुरुंग की भूकंप?

आधी घड्याळ बघा. भूकंपाला दिवस-रात्र नसते, सुरुंगाला असते. आठवडाभर वहीत वेळ टिपा. सगळे हादरे दुपारी जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी काम उरकताना येत असतील आणि रविवारी एकही नसेल, तर प्रश्न मिटला.

दुसरी खूण आवाजाची. खाण एक किलोमीटरवर असेल तर जमिनीतला हादरा पाव-अर्ध्या सेकंदात पोचतो, पण स्फोटाचा आवाज हवेतून यायला तीन सेकंद घेतो. म्हणजे आधी हादरा, मग ‘धडाम’, आणि खिडकीच्या काचा दुसऱ्यांदा वाजतात. भूकंपात उलटं. आजोळी मी हे कितीतरी वेळा अनुभवलंय. आधी पायाखालून ट्रक गेल्यासारखी गुडगुड येते, मांडणीवरच्या ताटल्या किणकिणतात, आणि मग दणका. किणकिण प्राथमिक लहरीची, दणका दुय्यम लहरीचा. मधले सेकंद मोजा आणि आठानं गुणा, साधारण तितके किलोमीटर दूर केंद्र. दोन सेकंद आले तर पंधरा-सोळा किलोमीटर.

मापकावर स्फोट आणखी स्पष्ट दिसतो. स्फोट खडकाला चहूबाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून सगळ्या नोंदणी केंद्रांवर पहिली हालचाल ‘वर’ दिसते. भ्रंश घसरतो तेव्हा काही केंद्रांवर ती ‘वर’ असते आणि काहींवर ‘खाली’. शिवाय स्फोटात दुय्यम लहर दुबळी असते, आणि मागून छोट्या धक्क्यांची रांग येत नाही. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर ताज्या भूकंपांची यादी असते, तीही बघा. फार लहान धक्के मात्र त्या यादीत नसतातच.

१०. मग एखादा देश अणुचाचणी करून ‘भूकंप होता’ म्हणू शकतो का?

म्हणू शकतो, पण कुणी विश्वास ठेवणार नाही. कारणं प्रश्न ९ मधलीच, फक्त मोठ्या प्रमाणावर. उत्तर कोरियाची ३ सप्टेंबर २०१७ ची चाचणी ६.३ च्या आसपास नोंदली गेली आणि काही तासांत जगभर ओळखली गेली. तिच्यानंतर साडेआठ मिनिटांनी आणखी एक छोटी घटना नोंदली गेली. ती स्फोटासारखी नव्हती, उलट जमीन आत कोसळल्यासारखी होती.

११. आमच्याकडे सातशे-आठशे फूट बोअर मारतात. त्यानं भूकंप होईल का?

नाही. आठशे फूट म्हणजे पाव किलोमीटरही नाही. शिवाय बोअरमधून आपण पाणी काढतो, दाबानं खोल सोडत नाही. त्यामुळे ओक्लाहोमाची उदाहरणं (प्रश्न ८) इथं लागू पडत नाहीत.

अपवाद म्हणून स्पेनमधलं लोर्का सांगतो. २०११ मध्ये तिथं ५.१ चा भूकंप झाला. पन्नास वर्षांच्या उपशानं भूजल अडीचशे मीटर खाली गेलं होतं आणि त्यामुळे भ्रंशावरचा भार बदलला, असं काही शास्त्रज्ञांनी मांडलं. भ्रंश आधीपासून जागा होता, उपशानं फार तर भूकंपाची वेळ बदलली असेल. बोअरची खरी काळजी पाणी संपण्याची करा.

१२. पालघरला २०१८ पासून धक्के बसतायत. तिथं कोण काय करतंय?

डहाणू-तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा मालिकेत एक मोठा मुख्य धक्का नसतो, साधारण सारख्या आकाराचे शेकडो धक्के येत राहतात. पावसाचं पाणी भेगांतून मुरूनही अशा मालिका होऊ शकतात. लोक इथं एक घोटाळा करतात: पाण्याचा संबंध दिसला की माणसाचा संबंध धरतात. पाऊस माणूस पाडत नाही.

१३. छोटे धक्के बसत राहिले की मोठा टळतो, असं कोयनेला म्हणतात. खरं का?

ऐकायला बरं वाटतं, पण हिशोब जमत नाही. एक रिश्टर वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, दोन वाढले की हजार पट. १९६७ इतकी ऊर्जा ४.३ च्या धक्क्यांतून सोडायची तर तसे हजार धक्के हवेत, ३.३ च्या धक्क्यांतून सोडायची तर बत्तीस हजार. कोयनेत वर्षभरात बसणारे छोटे धक्के त्याच्या जवळपासही जात नाहीत.

१४. २००८ चा चीनचा महाभूकंप पण धरणामुळे झाला म्हणतात. म्हणजे माणूस ८ रिश्टरचाही भूकंप घडवू शकतो?

वेंचुआनचा, ७.९ चा. झिपिंगपू धरण केंद्रापासून काही किलोमीटरवरच होतं आणि पाणी साठायला २००५ मध्ये सुरुवात झाली होती. त्यामुळे संशय आला आणि वाद अजून मिटलेला नाही. विरोधी बाजू म्हणते की भूकंप सुरू झाला ती जागा फार खोल होती, पाण्याचा परिणाम तिथं नगण्य, आणि कोयनेसारखी जलाशयाशी ताल धरणारी छोट्या धक्क्यांची मालिका आधी दिसली नाही. भूकंप किती मोठा होणार हे भ्रंशाच्या लांबीवर आणि साठलेल्या ताणावर ठरतं, धरणाच्या आकारावर नाही. तो भ्रंश दोनशेपेक्षा जास्त किलोमीटर फाटला. तो कधी ना कधी फाटणारच होता, प्रश्न फक्त वेळेचा आहे.

१५. कोयनेजवळ खोल भोक पाडलंय म्हणे. त्यानं भूकंप वाढणार नाहीत ना?

गोठणे इथं तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर २०१७ मध्ये पूर्ण झालं. काम केंद्राच्या भूविज्ञान मंत्रालयाच्या कराडमधल्या प्रयोगशाळेचं. वरचा काळा पाषाण सव्वा किलोमीटरवर संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. तिथं पाणी सोडत नाहीत, खडकाचं तापमान, त्यातला ताण आणि भेगांतलं पाणी मोजतात. कोयनेचे धक्के त्याहून थोडे खाली होतात, म्हणून आणखी खोल जायचा बेत आहे. तोवर पाण्याचा दाब भ्रंशापर्यंत किती पोचतो हे आपण वरूनच, गणितानं काढत राहणार.